पॅनोरमा उघडत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरचा किल्ला, महाराज बाडा हा चौक, लश्कर भागातले जुने वाडे यांचे गोल फिरणारे फोटो, म्हणजे पॅनोरमा, मी २००६ पासून काढतो आहे. ते बघणारी माणसं पुण्यात आहेत, नागपुरात आहेत, न्यू जर्सीत आहेत, आणि दोन गल्ल्या सोडून दौलतगंजातही आहेत. दुवा पाठवला की अर्ध्या तासात पहिला निरोप येतो, तो बहुतेक वेळा एकच: "उघडत नाहीये." इतक्या वर्षांत जे जे विचारलं गेलं, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो.

फोटो उघडला तर नुसती लांबट, वाकडी पट्टी दिसते. बिघडलाय का?

नाही, शाबूत आहे. तुमच्यासमोर आहे तो गोल उलगडून सपाट केलेला कागद. शाळेतला जगाचा नकाशा आठवा. पृथ्वी गोल, कागद सपाट, म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसायचं. पूर्ण गोल पॅनोरमाही असाच साठवतात: रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट, रुंदीत ३६० अंश आणि उंचीत १८०. डोक्यावरच्या आकाशाचा एकच बिंदू वरच्या कडेला आख्ख्या रेघेभर ताणला जातो, पायाखालची फरशी खालच्या कडेला. म्हणून बाड्याच्या फोटोत टाऊन हॉलचा सरळसोट कठडा धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. व्ह्यूअरमध्ये, म्हणजे गोल चित्र फिरवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकला की तोच कठडा सरळ होतो.

दोनास एक हे प्रमाण दिसलं की ओळखायचं, हा पूर्ण गोल आहे. रुंदी उंचीच्या पाच-सहा पट असेल तर तो फोनवर हात फिरवून काढलेला साधा पॅनोरमा असतो. त्याला कुठल्याच व्ह्यूअरची गरज नाही. मोठा करा आणि बोटाने सरकवा.

तोच फोटो ताईच्या फोनवर आपोआप फिरतो, माझ्या फोनवर पट्टीच राहते. असं का?

फोटोच्या फाईलमध्ये चित्राखेरीज एक चिठ्ठी असते. तिच्यात तारीख, कॅमेरा, स्थळ वगैरे लिहिलेलं असतं. पॅनोरमाच्या चिठ्ठीत आणखी एक ओळ असते: "हे चित्र गोल आहे, गोल करून दाखवा." गूगलने २०१२ मध्ये अँड्रॉइडवर फोटो स्फिअर आणलं तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली आणि फेसबुकने २०१६ मध्ये गोल फोटो सुरू केले तेव्हा हीच ओळ वाचायला घेतली. ओळ असेल तर फोटो फिरतो. नसेल तर समोरच्या ॲपला ती फक्त एक रुंद जेपेग वाटते.

वाटेत ही चिठ्ठी फार सहज गळते. स्क्रीनशॉट काढला, एखाद्या ॲपमध्ये उजेड वाढवला, किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की गेली. ताईला मी फाईल ईमेलने पाठवली होती आणि तुम्हाला तिच्याकडून व्हॉट्सॲपवर आली, एवढाच फरक असतो. एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम ती ओळ पुन्हा लिहून देतो, चित्राला धक्का न लावता.

व्हॉट्सॲपवर आलेला पॅनोरमा इतका धुरकट का?

साध्या दर्जाने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू व्हॉट्सॲप साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. लग्नातल्या फोटोला ते चालून जातं. पण १२,००० रुंद आणि २,००० उंच पॅनोरमाची लांब बाजू १६०० वर आली की उंची उरते जेमतेम २६७ पिक्सेल. किल्ल्यावरच्या सासबहू मंदिराच्या खांबांवरचं कोरीवकाम त्यात कुठून दिसणार?

उपाय सोपा आहे. पाठवताना फाईल जोडायच्या चिन्हावर जाऊन "डॉक्युमेंट" निवडा. मग फाईल जशीच्या तशी जाते, चिठ्ठीसकट. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी हे इतक्यांदा लिहिलंय की आता चुलतबहीण माझ्याआधी उत्तर देते.

फाईल सहाच एमबीची आहे, तरी फोन अडकतो किंवा पडदा काळा राहतो.

जेपेग ही घडी घातलेली सतरंजी आहे. सहा एमबी हे घडीचं माप. बघायला ती पूर्ण पसरावी लागते. ८,००० गुणिले ४,००० म्हणजे ३ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे १२८ एमबी जागा. १६,००० गुणिले ८,००० चा फोटो असेल तर ५१२ एमबी. शिवाय फोनमधल्या ग्राफिक्स चिपला एका वेळी किती रुंद चित्र उचलता येतं याची मर्यादा असते. बऱ्याच जुन्या फोनांत ती ४,०९६ पिक्सेल आहे. त्यापेक्षा रुंद चित्र आलं की व्ह्यूअर चूक दाखवतो, नाहीतर मुकाट्याने काळा राहतो.

काढणाऱ्यांनी इथे थोडा हिशोब करावा. व्ह्यूअरच्या चौकटीत एका वेळी साधारण ९० अंश दिसतात, म्हणजे चित्राचा चौथा भाग. फोनचा पडदा १,०८० पिक्सेल रुंद असेल तर ४,०९६ ची प्रत जवळजवळ पुरते. १,९२० च्या लॅपटॉपला साधारण ७,७०० लागतात. म्हणून मी दोन प्रती ठेवतो, एक ४,०९६ ची आणि एक ८,००० ची, आणि दोन्ही दुवे एकाखाली एक देतो. त्याहून मोठं चित्र द्यायचं असेल तर त्याचे लहान चौकोनी तुकडे करावे लागतात. मग नकाशासारखं, जिकडे बघाल तिकडचेच तुकडे उतरतात. पॅनेलम आणि मार्झिपानो हे दोन्ही मोफत व्ह्यूअर तुकडे केलेलं चित्र दाखवतात.

"फोन फिरवला की दृश्य फिरेल" असं लिहिलंय. माझं ढिम्म हलत नाही.

तीन कारणं असू शकतात. स्वस्त फोनांत जायरोस्कोप, म्हणजे फोन कुठे वळला ते ओळखणारा भाग, बऱ्याचदा नसतोच. तसं असेल तर बोटाने ओढून बघा, दृश्य तेच आहे. आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून हालचालीची माहिती घ्यायला पान तुमची परवानगी मागतं, आणि ती तुम्ही बटण दाबल्यावरच मागता येते. त्या वेळी सवयीने "नको" दाबलं असेल तर पान बंद करून पुन्हा उघडा. तिसरं कारण पान बनवणाऱ्याकडचं: पत्ता सुरक्षित, म्हणजे https ने सुरू होणारा नसेल तर ब्राउझर ही माहिती देतच नाही.

पेनड्राइव्हवर दिलेल्या पानावर डबल-क्लिक केलं, काहीच आलं नाही.

ब्राउझर सुरक्षेसाठी तुमच्याच संगणकावरच्या पानाला शेजारचं चित्र वाचू देत नाही. घरी बघायला एफएसपी व्ह्यूअर हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे. किंवा तुमच्याकडे व्हीएलसी असेलच. २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून तो गोल चित्रं फिरवून दाखवतो, अर्थात ती चिठ्ठी शाबूत असेल तर.

आधी तुमचे फोटो दिसायचे. आता "प्लगइन हवं" असं येतं आणि पुढे काही नाही. काय झालं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो.

संगणकावर गोल चित्र फिरवण्याची सोय ॲपलने १९९५ मध्ये क्विकटाइम व्हीआरने आणली. पुढे जावाचे व्ह्यूअर आले, मग फ्लॅशचे. प्रत्येकाला ब्राउझरमध्ये एक जोडतुकडा बसवावा लागे आणि तो बसवणं हेच बघणाऱ्याचं पहिलं काम असे. २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन घेणं थांबवलं. त्यात जावा गेलं आणि क्विकटाइमही गेलं. विंडोजवरच्या क्विकटाइमची देखभाल २०१६ मध्ये संपली. मायक्रोसॉफ्टचं फोटोसिंथ २०१७ च्या फेब्रुवारीत बंद झालं. फ्लॅशचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर २०२०. गूगलचं स्वतंत्र स्ट्रीट व्ह्यू ॲप २०२३ मध्ये गेलं. आता वेबजीएलमुळे ब्राउझर स्वतःच हे काम करतो, प्लगइन लागत नाही, आणि ही खरोखर मोठी सोय आहे. पण या तीस वर्षांत केलेल्या हजारो पॅनोरमांचं काय? ज्यांनी मूळ सपाट चित्र जपलं त्यांचं काम वाचलं, ज्यांनी फक्त तयार फिरती फाईल ठेवली त्यांचं अडकलं.

फेलिचे बेआटो या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये लखनौ आणि दिल्लीचे पॅनोरमा काढले. एकेका काचेच्या प्लेटवर फोटो घेऊन, छापे शेजारी शेजारी चिकटवून. तो अल्बम आज उलगडला तरी शहर दिसतं. २००८ मध्ये मी काढलेलं शहर २०२१ मध्ये दिसेनासं झालं होतं. ही गोष्ट मला फार लागली, आणि तेव्हापासून मी व्ह्यूअरला खिडकीचा पडदा समजतो. तो जुना होणार, बदलावा लागणार. भिंतीपलीकडचं दृश्य मात्र आपल्याकडे साध्या जेपेगमध्ये किंवा टिफमध्ये पडून असलं पाहिजे.

बघताना आईला चक्कर येते.

आपोआप फिरणं बंद करा. बहुतेक पानांवर कोपऱ्यात थांबवायचं बटण असतं. पान बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पान उघडताच चित्र आपोआप फिरेल असं ठेवूच नका. माणूस स्वतः मान वळवतो तेव्हा त्याला त्रास होत नाही, कुणी दुसऱ्याने वळवली की होतो. वयस्कर माणसांसाठी मी प्रत्येक पॅनोरमाखाली चार साधे फोटोही ठेवतो, चार दिशांचे. आमच्या शेजारच्या काकू तेच बघतात, आणि त्यांचंही बघणं पूर्ण असतं.

असा फोटो काढायचा कसा? फोनवर जमेल?

जमेल. फोन हातात धरून स्वतःभोवती फिरू नका, फोनभोवती स्वतः फिरा. म्हणजे लेन्स एकाच जागी राहिली पाहिजे आणि तुम्ही तिच्याभोवती पावलं टाकायची. एक डोळा मिटून बोट नाकासमोर धरा आणि मान हलवा: बोट मागच्या भिंतीवरून सरकतं. लेन्स सरकली की जवळचे खांब असेच सरकतात आणि जोडणीत तुटतात. किल्ल्यावरून खालचं शहर काढताना हे जाणवत नाही, कारण सगळंच लांब आहे. पण सासबहूच्या मोठ्या मंदिरात मधले चार भव्य खांब हाताच्या अंतरावर असतात. तिथे दोन बोटं लेन्स सरकली तरी खांबाला दोन कडा येतात. माझे पहिले कितीतरी प्रयत्न त्या खांबांनी वाया घालवले आणि मी तिथेच शिकलो.

कॅमेरा असेल तर तो उभा धरा. १८ मिलिमीटरची साधी किट लेन्स असेल तर दर ३० अंशांना एक, असे १२ फोटो. शेजारच्या दोन फोटोंत निदान चौथा हिस्सा सारखा हवा, तीस टक्के असेल तर निश्चिंत. उजेड आणि रंगाची सेटिंगं पहिल्या फोटोला ठरवून कुलूपबंद करा. नाहीतर सूर्याकडचं आकाश करडं आणि पाठीमागचं पांढरं, असे पट्टे पडतात. महंमद घौसच्या कबरीत जाळीतून येणारा उजेड आणि आतला अंधार एका फोटोत मावत नाही. तिथे प्रत्येक दिशेला तीन काढायचे: एक जाळीसाठी, एक भिंतीसाठी, एक मधला.

किल्ल्यातल्या मानमंदिर महालाची बाहेरची भिंत पूर्वेला तोंड करून आहे. निळ्या फरश्या, बदकांच्या रांगा, हत्ती, मगरी यांवर ऊन पडतं ते सकाळी. दुपारी गेलात तर भिंत सावलीत. हाथी पोल दरवाज्याच्या चढावर मागे सरकायला जागा फारशी नाही, म्हणून एका फोटोत ती मावत नाही आणि म्हणूनच ती पॅनोरमाची भिंत आहे. किल्ल्यावरचं तेली का मंदिर उलटं. ते शंभर फुटांच्या आसपास उंच आहे. तिथे कॅमेरा आडवा धरून खालून वर जायचं, उभा पॅनोरमा करायचा.

महाराज बाडा मात्र पूर्ण गोलच हवा. एका चौकाभोवती इतक्या वेगवेगळ्या घडणीच्या इमारती उभ्या आहेत की मध्ये उभं राहून सावकाश एक फेरी घेतली की शिंदेशाहीच्या शंभर वर्षांतल्या आवडीनिवडी समोरून जातात. तिथे अडचण टेम्पोंची. पहिल्या फोटोत डावीकडे असलेला टेम्पो चौथ्या फोटोत पुन्हा हजर, आणि जोडल्यावर एकच टेम्पो दोनदा किंवा अर्धा. उजाडता उजाडता जा. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं आणि मे महिन्यात हवा उन्हाने थरथरते. पाऊस संपल्यानंतरचे दोन महिने आपल्याकडे सगळ्यात चांगले.

जोडायला काय वापरता?

ह्युगिन. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी लिहिलेल्या पॅनोरमा टूल्सवर ते उभं आहे. दोनदा आलेला टेम्पो मास्क घालून, म्हणजे फोटोतला तेवढा भाग झाकून, काढता येतो. शिकायला आठवडा लागतो, पुढे हात बसतो.

टाकायचा कुठे?

इथे एक अनुभव सांगतो. बरीच वर्षं मी एका मोफत संकेतस्थळावर पॅनोरमा टाकत होतो. किल्ल्याची पूर्ण फेरी तिथे बांधली होती: उरवाई दरवाज्यातल्या जैन मूर्तींपासून निघायचं, एका चित्रातल्या खुणेवर बोट ठेवलं की पुढच्या चित्रात. प्रत्येक ठिकाणी मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. एके दिवशी संकेतस्थळ बंद होत असल्याचा ईमेल आला, महिनाभराची मुदत होती, आणि मी त्या महिन्यात वडिलांच्या आजारपणात होतो. चित्रं डिस्कवर होती म्हणून राहिली. जोडण्या आणि लिहिलेला मजकूर गेला. मजकुराची प्रत मी ठेवली नव्हती.

आता मी असं करतो. चित्रं माझ्या स्वतःच्या छोट्या संकेतस्थळावर पॅनेलम लावून. ज्या वास्तूंचे फोटो सगळ्यांनी वापरावेत असं वाटतं, ते विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली. तिथेही गोल चित्र फिरवून बघायची सोय आहे. मोफत सेवा जरूर वापरा, लोक तिथे येतात. फक्त तिथे जे काही लिहाल, जोडाल, ते आधी घरच्या डिस्कवर लिहा.

इन्स्टाग्रामवर?

तिथे गोल चित्र फिरत नाही. रुंद पॅनोरमाचे सलग चौकोनी तुकडे कापून एकाच पोस्टमध्ये ओळीने लावा, बोटाने सरकवताना ते जुळतात. मानमंदिराच्या भिंतीला हे छान जमतं.

असे फोटो टाकणं कायद्याने चालतं का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वास्तूंचे फोटो काढायला आणि ते प्रसिद्ध करायला मुभा देतं. सार्वजनिक जागी कायमचे बसवलेले पुतळेही त्यात येतात. हल्लीच्या कलाकाराने भिंतीवर रंगवलेलं चित्र मात्र त्यात येत नाही, त्याची परवानगी घ्या. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाई लावायची असेल तर आधी परवानगी लागते. हातात धरून काढायला सहसा अडचण येत नाही.

कायद्यापलीकडचं एक: गोल फोटोत तुमच्या पाठीमागचेही सगळे येतात. ओसरीवर बसलेली बाई, वाळत घातलेले कपडे, उघडं कपाट. कुणाच्या घरात काढला असेल तर टाकण्याआधी घरच्यांना पूर्ण फिरवून दाखवा. मी एकदा दाखवला नव्हता, आणि त्या घरच्या आजींना वाईट वाटलं. मी तो त्याच दिवशी काढून टाकला.

आमच्याकडे वाड्याचा जुना पॅनोरमा सीडीवर आहे, एमओव्ही फाईल. आता काहीच उघडत नाही. गेला समजायचा का?

अजिबात नाही. त्या फाईलच्या पोटात तुमचं चित्र तुकड्यातुकड्यांनी ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा जेपेगच. पॅनो टू व्हीआर हा प्रोग्रॅम अशा फाईल उघडतो. एफएफएमपेग या प्रोग्रॅमला ती साधा व्हिडिओ समजून दिली तरी बऱ्याचदा तुकडे एकेक करून बाहेर येतात. ते आडवे पडलेले निघाले तर घाबरू नका, जुन्या गोल पट्ट्या तशाच ठेवत असत. ९० अंश फिरवा आणि क्रमाने लावा.

माझ्या मावशीचा वाडा दौलतगंजात होता. २००७ मध्ये तो पाडायच्या आधी मी चौकात उभं राहून एक फेरी काढली होती. तेव्हा डिस्क लहान, म्हणून मूळ बारा फोटो पुसून फक्त तयार फाईल ठेवली. पुढे ती कुठेच उघडेना. चौदा वर्षांनी वर सांगितलंय तसं करून तुकडे काढले, जोडले, सपाट जेपेग केली आणि मावशीच्या हातात फोन दिला. ती आधी तुळशीपाशी थांबली. मग बोटाने सावकाश डावीकडे गेली, माजघराच्या दारापर्यंत, आणि म्हणाली, "इथे आत अंधार आहे, पण मला दिसतंय." चित्र जेमतेम ३,००० पिक्सेल रुंद आहे. त्याची एक लांब पट्टी छापून तिच्या खोलीत लावली आहे, कारण फोन तिला रोज उघडता येत नाही.

तुमची सीडी चरे पडलेली असली तरी टाकू नका. आधी तिची जशीच्या तशी प्रत डिस्कवर घ्या, मग प्रतीवर प्रयोग करा.